उघडणाऱ्याचे ऋण

१९५६ साली अजिंठ्यात दरड कोसळली आणि सोळाव्या लेण्याकडे जाणारी वाट बंद झाली. ती मोकळी करताना कामगारांना नदीपात्राजवळच्या ढिगाऱ्यात एक लहानसे भोक आणि एक छोटा स्तूप दिसला. राडारोडा उपसत गेल्यावर आत एक विहार निघाला. जेमतेम ३.६६ मीटर लांबीरुंदीची चौकोनी जागा, तिला लागून तीन खोल्या, प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे आणि ओट्यांच्या डोक्याशी खडकातच कोरलेल्या उशा. अजिंठ्याचे तिसावे लेणे ते हेच. ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले मानतात, म्हणजे कदाचित साऱ्या समूहातले सर्वांत जुने. इतिहासकार आर. एस. गुप्ते यांच्या मते हे लेणे कधीतरी मुद्दाम घडवलेल्या मोठ्या दगडांनी बंद केलेले असावे, कारण सोळाव्या लेण्याच्या दर्शनी बाजूला त्याची अडचण होत होती. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करवून घेतले. गुप्त्यांचे मत ग्राह्य धरले तर बुद्धाच्याच अनुयायांनी आपल्या पूर्वसूरींची निजायची जागा विचारपूर्वक बंद केली आणि दीड हजार वर्षांनी दुसऱ्याच कोणी ती उघडली. बंद करणाऱ्यांना विचारायची सोय नव्हती. मग जी जागा कोणीतरी बंद केली, किंवा जी निसर्गानेच मिटून टाकली, तिचे तोंड खोदून मोकळे करण्याचा अधिकार माणसाला कशामुळे मिळतो?

हा प्रश्न पुरातत्त्व खात्याचा किंवा डोंगर-गुहा धुंडाळणाऱ्यांचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. कोण कोणाचे काय देणे लागतो हे धर्म ठरवतो, आणि खोदून उघडलेल्या तोंडाशी नेमका हाच हिशेब सुरू होतो. आपल्याकडे या प्रश्नाचे झटपट उत्तर तयार असते: ज्ञान पवित्र आहे, अंधारातले उजेडात आणणे हे पुण्य आहे, तेव्हा उघडणारा आपोआप अधिकारी ठरतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. जाणून घेण्याची इच्छा माणसाला गुहेच्या तोंडापर्यंत आणते, एवढेच. तिथून पुढे जाण्याचा अधिकार सांभाळण्याच्या तयारीतून येतो, आणि ही तयारी तीन जणांसाठी लागते: जो आत जाणार आहे त्याच्यासाठी, जे आधीपासून आत आहे त्याच्यासाठी आणि जे मागाहून येतील त्यांच्यासाठी. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे माणूस जन्मासोबत घेऊन येतो असे आपली परंपरा सांगते. उघडणाऱ्याची ही तीन ऋणे पहारीच्या पहिल्या घावासोबत अंगावर येतात. ती फेडायची तयारी नसेल तर पहार खाली ठेवणे हाच धर्म.

ऋण म्हणायचे कारण असे की उघडणे ही परत न फिरवता येणारी कृती आहे. बंद जागेत हवा, ओल आणि तापमान यांचा शतकानुशतके मेळ बसलेला असतो. तोंड मोकळे होताच तो मोडतो, आणि नंतर दगड पुन्हा लावून ठेवला तरी जुना मेळ परतत नाही. रुमानियात काळ्या समुद्राजवळ १९८६ साली बांधकामासाठी जमीन तपासताना कामगारांच्या खोदकामातून मोविले नावाची गुहा उघडी पडली. सुमारे ५५ लाख वर्षे ती बाहेरच्या जगापासून तुटलेली होती असा अंदाज आहे. आतल्या हवेत प्राणवायू बाहेरच्यापेक्षा निम्मा किंवा त्याहून कमी, कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त, आणि गंधकाच्या रसायनांवर जगणारी अशी जीवसृष्टी की तिच्यातल्या अनेक जाती पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाहीत. तिथे मोजक्याच अभ्यासकांना उतरू दिले जाते. आपल्या अजिंठ्याला असे नशीब लाभले नाही. ती लेणी आसपासच्या लोकांना ठाऊक होतीच. पण २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळाचा अधिकारी तिथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावरच्या चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख ओरखडून गेला. पुढे डॉ. जेम्स बर्ड याने भिंतीवरच्या आकृती सोलून न्यायचा प्रयत्न केला आणि चित्रांची नासाडी झाली. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेली चित्रे वाचवली खरी, पण त्यांनी वापरलेले लाखेचे वॉर्निश काळाबरोबर पिवळे-काळे पडत गेले. स्मिथला मिरवायचे होते, बर्डला घेऊन जायचे होते, इटालियन तज्ज्ञांना वाचवायचे होते. हेतू तिघांचे वेगळे, आणि चित्रांना तिघांचीही किंमत मोजावी लागली. म्हणून उघडणाऱ्याचा हेतू शुद्ध होता की नाही एवढ्यावर त्याच्या कृतीचा निवाडा करता येत नाही.

हाताने करायच्या कामातही हाच विचार दिसतो. नव्याने खोदलेल्या तोंडाशी सर्वांत मोठा धोका डोक्यावर असतो. खालची माती ओढून घेतली की वरचे सुटे धोंडे निराधार होतात. म्हणून जाणकार माणूस आधी वरचे सैल दगड उतरवतो, उताराला पायऱ्या पाडतो, जिथे मुरूम आणि माती आहे तिथे लाकडाचा किंवा लोखंडाचा टेकू देतो, आणि पाऊस पडून गेला असेल तर जमीन निथळेपर्यंत थांबतो. मग हात जाईल एवढेच भोक पाडतो. त्यातून हवा आत ओढली जाते की बाहेर येते ते पाहतो. वायुमापक दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी वाचन घेतो, कारण कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खाली साचतो आणि तोंडाशी सगळे ठीक वाटत असताना तळाशी मरण बसलेले असू शकते. आत वटवाघळे असतील तर त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि विणीच्या काळात त्यांना हुसकावले तर पिले मरतात. आत गेल्यावर सगळ्यांनी एकाच रेषेत चालायचे, म्हणजे जमिनीवरच्या जुन्या खुणा तुडवल्या जात नाहीत. आपल्या पाथरवटांना हा क्रम नवा नव्हता. अजिंठ्याचे अपुरे राहिलेले चोविसावे लेणे पाहिले की कळते, ते छतापासून सुरुवात करत आणि खाली येत. डोक्यावरचे आधी निश्चित करायचे, पायाखालचे नंतर. या क्रमात श्रम वाचत, परांचीची गरज उरत नसे, आणि माणूस न तपासलेल्या खडकाखाली उभा राहत नसे.

उघडण्याची घाई काय करते याची एक विलक्षण कथा मराठवाड्यातच घडते. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अकराव्या शतकाच्या सुमाराच्या अपभ्रंश काव्यात राजा करकंड तेरपुरास, म्हणजे आजच्या तेरला येतो. जवळच्या डोंगरातल्या लेण्यात जिनमूर्तीचे दर्शन घेताना त्याला सिंहासनावर एक गाठ दिसते. इतक्या सुबक कामात हा उंचवटा कशाला, असे तो कारागिराला विचारतो. कारागीर सांगतो की लेणे कोरताना इथे पाण्याचा झरा लागला होता, तो थोपवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाला कारण कळते, तरी त्याचे समाधान होत नाही. त्याला पाणी बघायचे असते. तो गाठ फोडायला लावतो, पाणी उसळते, लेणे भरून जाते, आणि राजाला पश्चात्ताप होतो. पुढे तो नवी लेणी कोरवतो. ही लेणी म्हणजे धाराशिवची लेणी असे हे काव्य १९३४ साली कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत संपादित करणाऱ्या हिरालाल जैन यांनी दाखवून दिले. कथेचे मर्म असे की राजा अज्ञानी नव्हता. त्याला जे जाणून घ्यायचे होते ते कारागिराच्या एका वाक्यात मिळाले होते. गाठ फोडून त्याच्या ज्ञानात काहीच भर पडली नाही, कुतूहल तेवढे शमले. आणि करकंड म्हणजे काही खलपुरुष नव्हे. जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरा त्याला प्रत्येकबुद्ध मानतात. एवढ्या योग्यतेचा माणूस, देवाच्या दारात, भक्तिभावाने उभा असूनही चुकला, हे सांगायला कवी कचरत नाही. श्रद्धा आणि जिज्ञासा दोन्ही असल्या तरी सांभाळण्याचे भान वेगळे कमवावे लागते, एवढे यातून स्पष्ट होते.

हे भान कमवण्याची शिस्त ज्यांच्यासाठी लेणी कोरली गेली त्या भिक्षूंच्या नियमांतच आहे. विनयपिटकातल्या पाचित्तिय नियमांपैकी दहावा नियम भिक्षूला जमीन खोदायला किंवा खोदवून घ्यायला मनाई करतो. त्यामागची हकिकत अशी: आळवी इथे भिक्षू बांधकामासाठी जमीन खोदू लागले, तेव्हा मातीत जीव आहे असे मानणाऱ्या लोकांनी नाराजी व्यक्त केली, आणि त्यातून हा नियम आला. संघादिसेस विभागातला कुटी बांधण्याचा नियम आणखी नेमका आहे. भिक्षूने स्वतःच जागा ठरवायची नाही, संघातल्या इतरांना बोलावून ती दाखवायची. जागेत मुंग्या, वाळवी, साप, विंचू यांची वस्ती नसावी, आणि जुंपलेली बैलगाडी भोवती फिरू शकेल एवढी मोकळी जागा असावी. म्हणजे जीवसृष्टीची तपासणी, येण्याजाण्याची वाट आणि त्रयस्थांची संमती या तिन्ही गोष्टी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या धार्मिक शिस्तीत एकत्र आल्या आहेत. जैन साधूंच्या पाच समित्यांत चालताना जपण्याची ईर्यासमिती आहे, आणि वस्तू उचलताना-ठेवताना जपण्याची आदाननिक्षेपसमितीही आहे. दगड उचलण्यापूर्वी त्याखाली काय आहे ते पाहणे हा तिथे मोक्षमार्गाचा भाग आहे. सुरक्षिततेचे नियम म्हणजे आधुनिक काळाने श्रद्धेवर लादलेली अडचण, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

वैदिक परंपरेत हाच विचार अधिकाराच्या रूपाने येतो. उपनिषदांनी परमतत्त्व हृदयाच्या गुहेत ठेवले आणि तिथवर जाण्यासाठी नुसती इच्छा पुरेशी मानली नाही. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री थांबतो. त्याने प्रश्न विचारताच यम उत्तर देत नाही, आधी त्याला प्रलोभने दाखवून पारखतो. शांकर वेदान्ताने साधकाच्या चार अटी सांगितल्या: विवेक, वैराग्य, शम-दमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व. या मोजणीत तळमळ शेवटी येते. इथे एक आक्षेप अगदी रास्त आहे. अधिकाराच्या याच भाषेने आपल्याकडे शतकानुशतके दारे बंद ठेवली. स्त्रियांना आणि शूद्रांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही असे सांगणारे हीच भाषा बोलत होते. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशात गीता मराठीत खुली केली ती या कडेकोट बंदोबस्तावरच घाव घालून. मग आज पुन्हा अधिकाराची गोष्ट काढायची ती कशासाठी? माझे उत्तर असे की जन्माने मिळणारा आणि जन्मानेच नाकारला जाणारा अधिकार हा अधिकारच नव्हे, ती मक्तेदारी. मी म्हणतो तो अधिकार कोणालाही शिकून मिळवता येतो, त्याची कसोटी सर्वांसमोर लागते, आणि तयारी सुटली की तो राजाचाही जातो, जसा करकंडाचा गेला. ज्ञानदेवांनी दार उघडले तेव्हा टीकेच्या प्रत्येक ओवीत वाट चालणाऱ्याच्या पायाखाली दिवा धरला. उघडून देणे आणि सांभाळून नेणे या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत.

आता पहिल्या ऋणाकडे, म्हणजे आत उतरणाऱ्या जिवाकडे येऊ. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसच्या शेणखड्ड्यासारखी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि अशा तऱ्हेने पाच जणांचा जीव गेला. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला माणूस. त्या पाचांपैकी कोणाच्या मनात स्वार्थ नव्हता. प्रत्येक जण करुणेपोटी उतरला होता. विषारी वायू करुणा ओळखत नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून 'वास येत नाही, म्हणजे हवा चांगली' हा अंदाजही फसवा, आणि जळता दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूची कमतरता दाखवली तरी असा वायू दाखवत नाही. बजाजनगरात राहून वाळूज औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरायचे तर आधी वर्क परमिट लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने घालून दिलेली अट अशी: सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून हवा धोकारहित असल्याचा लेखी दाखला द्यावा, किंवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून कमरेच्या पट्ट्याला दोर बांधावा आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. कायद्याच्या रुक्ष भाषेत इथे एक नैतिक सत्य मांडले गेले आहे. एकाचे धाडस दुसऱ्याच्या जबाबदारीला बांधलेले असेल तरच त्याला मान्यता आहे.

याच ठिकाणी एक बोचरी गोष्ट बोलली पाहिजे. उघडायचे ठरवणारा आणि आत उतरणारा हे बहुधा एकच नसतात. श्रेय वरच्याचे आणि छातीत शिरणारी हवा खालच्याची, असा हा व्यवहार आपल्या समाजात जातीच्या उतरंडीवर उभा आहे. गटारात आणि सेप्टिक टाकीत विनासाधन माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी मृत्यू थांबले नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूसाठीची भरपाई ३० लाख रुपये करावी लागली. गुहेचे नवे तोंड आणि गटाराचे झाकण यांत मोठे अंतर दिसते, पण तोंडाशी उभे राहणाऱ्यावर येणारा प्रश्न एकच आहे: ज्या हवेत मी स्वतः जाणार नाही, तिथे दुसऱ्याला पाठवण्याचा मला काय हक्क? धर्माच्या भाषेत याचे उत्तर शून्य आहे. ज्ञानासाठी, दर्शनासाठी किंवा जीर्णोद्धारासाठीही दुसऱ्याच्या श्वासाचा होम करता येत नाही.

यावर कामाची माणसे एक आक्षेप घेतील. आत कोणी अडकले असेल तेव्हा दाखले आणि मोजमाप करत बसायचे का? घाई हाच तिथे धर्म नव्हे काय? घाई आणि तातडी यांत फरक करावा लागतो. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातल्या सिलक्याऱ्याच्या बोगद्यात ४१ कामगार अडकले. २० तारखेला सहा इंची नळी त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि शिजवलेले गरम अन्न आत जाऊ लागले. मोठे यंत्र तुटल्यावर शेवटचे दहा-बारा मीटर हाताने खोदणाऱ्या कामगारांनी कापले, आणि १७ व्या दिवशी सगळे ४१ जण जिवंत बाहेर आले. आधी श्वास आणि अन्न, मग वाट, मग माणूस, हा क्रम पाळला म्हणून तातडीला यश आले. ढिगारा सरसकट उपसण्याच्या नादात वरचा डोंगर पुन्हा खाली आला असता तर धीर सुटलेल्यांच्या प्रामाणिकपणाने कोणाचेही सांत्वन झाले नसते. ज्याला खरोखर वाचवायचे असते तोच क्रम पाळतो.

दुसरा आक्षेप ज्ञानाच्या बाजूने येतो. एवढी सावधगिरी बाळगायची तर काहीच उघडले जाणार नाही. बंद राहिलेलेही सडते, झिरपणारे पाणी आणि झाडांची मुळे परवानगी मागत नाहीत, आणि ढिगारा तसाच राहिला असता तर अजिंठ्याचा आरंभ कसा होता याचा एक पुरावा कायमचा हातचा गेला असता. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी उघडण्याच्या विरोधात नाही. तिसाव्या लेण्याने आपल्याला अमोल गोष्ट दिली: वैभवशाली चित्रलेण्यांच्या आधी तीन खोल्या, सहा ओटे आणि दगडी उशा एवढ्यावर भागवणारे भिक्षू इथे राहत होते. पण ते लेणे काही बाबतींत सुदैवी ठरले. ते सापडले तेव्हा भोवतालची जागा आधीच राखली जात होती, आणि भोक दिसल्यावर पुढचा उपसा कशासाठी करायचा हे जाणणारी यंत्रणा हजर होती. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली, १९४८ पासून लोकांसाठी उघडली, आणि पाहणाऱ्यांच्या उच्छ्वासाने चित्रे बिघडू लागल्यामुळे १९६३ साली बंद करावी लागली. तो धडा घेतलेल्या त्याच देशात १९९४ साली शोवे गुहा सापडली तेव्हा शोधणाऱ्यांनी जमिनीवर प्लॅस्टिकचे पट्टे अंथरून त्यावरूनच वावर ठेवला, आणि ती गुहा सर्वसामान्यांसाठी कधीच उघडली नाही. शोवेमुळे आदिमानवाच्या कलेविषयीची समज लास्कोइतकीच बदलली. सावधगिरीने ज्ञान कमी झाले नाही, नासाडी कमी झाली.

तिसरा आक्षेप नेमका उलट दिशेने येतो. काही श्रद्धाळू म्हणतात की जे देवाने झाकले ते माणसाने उघडूच नये. या भीतीत एक शहाणपण आहे, कारण तिने कित्येक कपारी आणि देवराया वाचवल्या. पण ही भीती फार काळ शुद्ध राहत नाही. तिच्याच पोटी गुप्तधनाचा लोभ जन्मतो. आत नाग राखण करतो, अमुक अमावास्येला अमुक बळी दिला की हंडा वर येतो, अशा कल्पनांनी महाराष्ट्रात किती जुन्या वास्तू रातोरात उकरल्या गेल्या आणि किती निरपराधांवर अघोरी प्रसंग ओढवले, म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला अशा शोधापायी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. १८७८ चा निखात निधी कायदाही दहा रुपयांहून जास्त किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. भीती आणि लोभ दोघेही त्या जागेकडे नीट पाहत नाहीत. एकाला ती शापित दिसते, दुसऱ्याला तिजोरी. तिच्यात प्राचीन माणसांचे, प्राण्यांचे आणि पाण्याचे एक चालू जग आहे, ही दृष्टी दोघांकडेही नसते. धार्मिक वृत्ती म्हणून जपावी अशी गोष्ट ही दृष्टीच आहे.

राहिला चौथा आक्षेप, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कुलूप लावले, किल्ली मोजक्यांच्या हाती दिली, की सामान्य माणूस पुन्हा दाराबाहेरच. बजाजनगरला लागून असलेल्या छोट्या पंढरपुरात आषाढीला जो समुदाय लोटतो तो कोणाचा दाखला घेऊन येत नाही, आणि भक्तिमार्गाचे मोठेपण त्यातच आहे. पण त्या दर्शनाकडेही जरा निरखून पाहावे. सर्वांना दर्शन मिळावे म्हणूनच रांग असते, येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असते, गर्दी थोपवणारे स्वयंसेवक असतात. दार सर्वांसाठी खुले ठेवायचे तर व्यवस्था जास्त लागते, कमी नाही. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत एका वेळी मर्यादित माणसे सोडणे आणि फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारणे, या दोन्ही गोष्टी सर्वांना काहीतरी मिळावे यासाठीच्या आहेत. मर्यादेला एकच अट हवी: ती का आहे, कोणी घातली आणि कधी तपासली जाईल हे लोकांना सांगितले पाहिजे. ज्या कुलपाचे कारण सांगता येत नाही त्यामागे मक्तेदारी लपलेली असते. जिथे कारण, मोजमापे, छायाचित्रे आणि नोंदी सर्वांपुढे ठेवलेल्या असतात तिथे मर्यादा सामान्य माणसाचाही वाटा राखते, आणि पुढच्या पिढीचाही.

म्हणून कोणत्याही डोंगरात, शेतात किंवा बांधकामाच्या पायात अचानक पोकळी लागली तर काय करावे, हे मला धर्माज्ञेइतके स्पष्ट दिसते. काम थांबवावे. कोणी आत डोकावू नये. तोंडाभोवती अंतर राखून दोर बांधावा, गावातल्या मुलांना लांब ठेवावे, तहसील आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे, आणि हवा, छत, जीव आणि खुणा या चारही गोष्टी जाणकारांनी तपासेपर्यंत धीर धरावा. उघडायचे ठरले तर उघडण्याआधीच ती जागा पुन्हा कशी बंद करता येईल, वटवाघळांना आणि वाऱ्याला जाऊ देणारी जाळी कोण बसवेल, आणि दहा वर्षांनी तिची देखभाल कोणाच्या माथी असेल, हे लिहून ठेवावे. या प्रश्नांची उत्तरे नसतील तर झाकलेले झाकलेलेच राहू द्यावे. त्यात पराभव नाही. आपल्यापेक्षा चांगली साधने आणि चांगले शहाणपण घेऊन येणाऱ्यांसाठी ठेव राखणे हेही ज्ञानाचेच काम आहे. आणि उघडायचेच झाले तर मान पहिल्याने आत शिरणाऱ्याइतकाच बाहेर दोर धरून बसणाऱ्याला मिळाला पाहिजे. आपण शोधकांची चरित्रे लिहितो, राखणदारांची लिहीत नाही. ही उणीव भरून निघाली तर उघडण्याला लागलेली विजयाची नशा उतरेल आणि तिच्या जागी ऋण फेडण्याची वृत्ती येईल. बंद जागेसमोर माणसाचा खरा अधिकार या वृत्तीतूनच सुरू होतो.